गाडीखालचा डाग बघून गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ ची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, रनिंग ९२ हजार. नाशिकला इंदिरानगरमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. पाऊस सुरू झाल्यापासून खाली दोन डाग दिसतायत, एक डाव्या बाजूला पाण्यासारखा आणि दुसरा पुढच्या चाकांच्या मधोमध काळपट तपकिरी. गॅरेजवाल्याने खालून बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं की मागचं ऑइल सील (इंजिनच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवतोच आहे तर सगळं पॅकिंग बदलून टाकू, १८ हजार. पुढच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन मुंबईला जायचंय, वर सोसायटीचे चेअरमन नवीन फरश्यांवर डाग पडतात म्हणून मागे लागलेत. तर जाऊ का, आणि १८ हजार घालू का.

भाऊ, अंबडला माझं गॅरेज आहे आणि अशी गाडी दर पावसाळ्यात येतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लीक आहे का हा प्रश्न नाहीच, डाग दिसतोय म्हणजे काहीतरी गळतंय. खरे प्रश्न तीन, काय गळतंय, किती गळतंय आणि कुठून गळतंय, आणि ते याच क्रमाने सोडवायचे. गॅरेजमध्ये घाई असली की उलटं होतं, आधी कुठून ते ठरवतात, मग खर्च सांगतात, आणि किती गळतंय हे कोणी मोजतच नाही. तुमचं सील गेलंय की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, गाडी रॅम्पवर घेतल्याशिवाय कोणीच सांगू नये. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला घरीच मिळतील आणि त्याला पाना पण लागत नाही.

आधी पाण्याचा डाग निकालात काढू. तो बहुतेक एसीचा आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे एसीचं कूलिंग कॉइल साधारण डावीकडच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे येतं आणि त्याची ड्रेनची नळी तिथूनच खाली सोडलेली असते. हवेतला ओलावा थंड कॉइलवर जमतो आणि नळीतून खाली टपकतो, साधं पाणी. नाशिकची एप्रिलची हवा इतकी कोरडी की तेव्हा हे पाणी फार दिसत नाही, आणि जूनमध्ये हवा दमट झाली की गाडी अचानक गळायला लागली असं वाटतं. एसी न लावता एक दिवस गाडी फिरवा, डाग आला नाही तर विषय संपला. उलट एसी जोरात चालू असून खाली एक थेंब नाही आणि डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागतंय, तेव्हा यायचं गॅरेजला, कारण नळी चोक झालीय आणि पाणी आत उतरतंय.

सायलेन्सरमधून सकाळी पाणी येतं तेही असंच, विशेषतः सीएनजी गाड्यांत जास्त, कारण सीएनजी जळताना पाण्याची वाफ जास्त तयार होते. त्याने घाबरून गाडी घेऊन येणारे पण आहेत, परत पाठवतो.

आता दुसरा डाग. फरशीवरच्या डागावर विश्वास ठेवू नका, तिथे तुमच्या आधी कोणाची गाडी उभी होती, कोणाच्या स्कूटरचं काय सांडलं, पावसाचं पाणी वाहून काय कुठे आलं, काही कळत नाही. फ्रिज नाहीतर टीव्हीचा मोठा खोका फाडून सपाट करा, आतली कोरी बाजू वर ठेवून रात्री गाडीखाली सरकवा आणि वाऱ्याने हलू नये म्हणून कडेला विटा ठेवा. खोक्यावर पेनने पुढचं डावं चाक कुठे येतं तिथे खूण करा. सकाळी खोका बाहेर ओढला की थेंब किती, कुठल्या रंगाचे, चाकापासून किती लांब, सगळं एका जागी दिसतं. एका रात्रीवर जाऊ नका, सलग दोन-तीन रात्री करा, आणि एकदा लांबच्या रनिंगनंतर लगेच पण ठेवा, कारण काही लीक गाडी गरम असतानाच होतात आणि काही उलट, थंड पडून क्लिप आणि रबर आकसल्यावरच.

थेंब बोटावर घेऊन चोळा. इंजिन ऑइल असेल तर बुळबुळीत लागेल आणि डिझेल गाडीत काळंच असेल. ऑइल बदलून थोडे दिवस झाले तरी डिझेलचं काळं होतं, काजळी असते, त्यामुळे काळं ऑइल म्हणजे इंजिन खलास असं काही नाही. गिअर ऑइल जास्त दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये टाकतात ते, पातळ, चिकटसर, वास जरा गोडसर, आणि वाळल्यावर पांढरट नाहीतर रंगीत पापुद्रा सोडतं. त्याच्या रंगावर जाऊ नका, हिरवं, गुलाबी, निळं, केशरी, कंपनीगणिक बदलतं. चाखून तर अजिबात बघू नका, हे सांगावं लागतं कारण मी लोकांना चाखताना बघितलंय. त्यात बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे, आणि गोड लागतं म्हणून सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. कूलंट गळत असेल तर पार्किंग त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा.

शंका राहिली तर ग्लासात पाणी घ्या आणि थेंब त्यात सोडा. ऑइल, डिझेल वर तरंगतं. कूलंट आणि ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो पण आपल्या गाड्यांत जे डॉट ३, डॉट ४ प्रकारचं असतं ते तेल नसतंच, म्हणून हा फरक पडतो आणि तो कामाचा आहे.

समजा इंजिन ऑइलच निघालं, तुमच्या वर्णनावरून तेच वाटतंय. मग दुसरा प्रश्न, किती. लोक डागाचा आकार बघून घाबरतात आणि तिथेच चुकतात, कारण ऑइल पसरतं, थोडंसं ऑइल फरशीवर हातभर दिसतं. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, ऑइलचा थेंब त्याहून लहान असतो म्हणजे अजून जास्त थेंब लागतात. रात्रीत खोक्यावर ८-१० थेंब पडले तर अर्धा मिलीसुद्धा गेलं नाही, आणि तुमच्या इंजिनात ते काही लिटर आहे. अर्थात हे उभ्या गाडीचं झालं. इंजिन चालू असताना ऑइल पंपाच्या प्रेशरखाली असतं, तेव्हा तीच फट जास्त ऑइल सोडू शकते आणि ते रस्त्यावर पडतं, पार्किंगमध्ये दिसतच नाही. म्हणून डागापेक्षा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, खरी. सकाळी थंड गाडी, सपाट जागा (सोसायटीच्या उतारावर नाही, उतारावर रीडिंग फसतं), डिपस्टिक काढून पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि मग बघायचं. फोटो काढून ठेवा, खाली ओडोमीटरचा आकडा लिहा. बऱ्याच गाड्यांत मिनिमम ते मॅक्सिमममध्ये जवळपास १ लिटरचा फरक असतो. हजार किलोमीटरनंतर रेषा जागेवर असेल तर तुमचा लीक नुसता अस्वच्छ आहे, धोकादायक नाही. महिन्या दोन महिन्यांत मॅक्सवरून मिनवर येत असेल तर तो गंभीर, मग खाली डाग एक रुपयाएवढा असला तरी.

एक गोष्ट इथेच सांगतो. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा लेव्हल सांगत नाही, प्रेशर सांगतो. तो लागला म्हणजे ऑइल आधीच बेअरिंगपर्यंत पोचत नाहीये. दिवा लागेल तेव्हा टाकू असं म्हणणाऱ्यांची इंजिनं मी खोललीत. दिवा लागला तर गाडी बाजूला घ्यायची आणि बंद, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत पण नाही.

आता कुठून. पावसाळ्यात स्लॅब गळतो तेव्हा पाणी टपकतं हॉलमध्ये आणि भेग असते गच्चीच्या भलत्याच कोपऱ्यात, अगदी तसंच इथे आहे. ऑइल वरून निघतं, इंजिनच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो, आणि सगळ्यात खालच्या टोकाला जाऊन थेंब लटकतो. वर आजकालच्या गाड्यांना खाली प्लास्टिकचं कव्हर, ऑइल त्यात साचतं आणि कव्हरच्या भोकातून भलतीकडेच पडतं. म्हणून नियम असा की ओलं जिथे संपतं ते बघायचं नाही, ओलं जिथे सुरू होतं ते बघायचं, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग.

तुमच्या बाबतीत मला शंका येते ती इथेच. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या जॉइंटच्या खाली थेंब लटकत असला की मागचं सील गेलं असं सांगायची पद्धत आहे. होऊ शकतं, नाही असं नाही. पण तिथे ऑइल पोचायचे अजून तीन-चार रस्ते आहेत आणि ते सगळे स्वस्त आहेत. पहिला म्हणजे टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग. ९२ हजार रनिंगला, सात-आठ वर्षांच्या वर गेलेलं ते रबर उष्णतेने कडक झालेलं असतं, नखाने दाबलं तर दबत नाही, काढलं तर वाकवताना तुटतं. त्याची पुढची कड बोनेट उघडल्यावर दिसते आणि कोरडी असते, म्हणून सगळे म्हणतात वरून काही नाही. मागची कड, फायरवॉलकडची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडची), दिसत नाही. थंड इंजिनवर छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन बघा, नाहीतर हात मागे घालून कव्हरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. बोट नुसतं धुळीने काळं झालं तर ठीक, धूळ आणि ऑइलचा ओला लगदा आला तर ऑइल इथून निघून मागच्या बाजूने ओघळत थेट गिअरबॉक्सच्या जॉइंटवर उतरतंय. खालून बघणाऱ्याला ते सीलच वाटणार.

दुसरा रस्ता चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट. प्रत्येक ऑइल चेंजला त्याचा वॉशर बदलायचा असतो, तो अगदी किरकोळ किमतीचा आहे आणि तरी जुनाच परत लावतात. थेंब बरोबर बोल्टच्या डोक्यावर लटकलेला दिसतो. गळतंय म्हणून बोल्ट अजून आवळला की चेंबरचे आटेच जातात, मग खर्च खरा. तिसरा ऑइल फिल्टर, जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा चढवला तर गळणारच. डाग शेवटच्या सर्व्हिसिंगनंतर सुरू झाला का हे आठवून बघा, हो असेल तर आधी हे दोन बघा, बाकी काहीच खोलू नका.

आणि डिझेल टर्बो गाड्यांचा खास विषय, इंटरकूलरचे होज, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीला जोडलेल्या जाड नळ्या. ब्रीदरमधून (तो काय ते पुढे सांगतो) येणारी ऑइलची वाफ इंजिनात हवा जाते त्या इनटेकमध्ये जाते, तिचं थोडं ऑइल होजच्या जॉइंटला पाझरतं, वर्षानुवर्षं धूळ चिकटते आणि खालून ते भयानक दिसतं. क्लिप ढिली असेल तर थेंब पण पडतात. होज काढून पुसून नवीन क्लिप लावली की बहुतेक वेळा काम झालं. आतून थोडासा ऑइलचा थर असणं नॉर्मल आहे, आत डबकं साचलं असेल तर मात्र टर्बो आणि ब्रीदर दोन्ही तपासायचे.

ब्रीदरचं नाव निघालंच आहे तर यावर जरा थांबतो, कारण हे फार कमी लोक बघतात. इंजिनच्या खालच्या भागात पिस्टन रिंगजवळून थोडा गॅस उतरतच असतो, तो बाहेर काढायचा रस्ता म्हणजे ब्रीदर. तो चोक झाला की आत प्रेशर वाढतं आणि ते जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतं. अशा गाडीला तुम्ही नवीन सील टाकलं की ते काही दिवस टिकतं, मग दुसरीकडून निघतं, मग तिकडचं पॅकिंग, मग परत तिसरीकडून. मालक म्हणतो मेकॅनिक चोर आहे, मेकॅनिक म्हणतो पार्ट डुप्लिकेट आहे, आणि दोष दोघांचा नसतो. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी ओलं दिसत असेल तर सील बदलायच्या आधी ब्रीदर साफ करून घ्या. गाडी स्लोवर ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढून बघतात, हलकी वाफ चालते, पण फुसफुस करत धूर जोरात येत असेल तर ब्रीदर तरी चोक आहे नाहीतर रिंगा झिजल्यात, आणि रिंगा असतील तर नुसत्या सीलवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मग हे ओळखायचं कसं तर एकदम साधं. थंड इंजिन नीट धुऊन, डिझेल आणि ब्रशने खालून पुसून स्वच्छ करायचं (प्रेशरचं पाणी अल्टरनेटरवर आणि सेन्सरच्या सॉकेटवर मारू देऊ नका), खालचं प्लास्टिक कव्हर काढून ठेवायचं, संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर मारायची आणि पाथर्डी फाट्यावरून द्वारकापर्यंत एक चक्कर मारून यायचं. पावडर जिथे आधी ओली झाली तिथून लीक. नाही सापडलं तर यूव्ही डाय असतो, तो ऑइलमध्ये टाकून निळ्या टॉर्चने बघतात. जो मेकॅनिक इंजिन न पुसता, चिखलाने माखलेल्या गाडीखाली अर्धा मिनिट बॅटरी मारून गिअरबॉक्स उतरवायला सांगतो तो मुद्दाम फसवतोय असं मी म्हणणार नाही, पण अंदाजाने सांगतोय हे नक्की.

आणि सगळं करून मागचंच सील निघालं तर? तरी लगेच नाही. त्या कामात सीलची किंमत थोडी, मजुरी सगळी गिअरबॉक्स उतरवायची. ९२ हजारला क्लच प्लेट पण संपत आलेली असू शकते. गळती कमी असेल तर लेव्हल बघत चालवा आणि क्लचच्या वेळी दोन्ही एकदम करा, एकाच मजुरीत होतं. फक्त ऑइल क्लचवर जायला लागलं, म्हणजे चढावर रेस दिली की इंजिन ओरडतंय आणि गाडी उचलत नाही, तर थांबायचं नाही.

मी ज्याला जास्त घाबरतो ते गिअर ऑइल. थेंब गंधकाचा वास मारत असेल आणि मधोमध नसून एका चाकाच्या बाजूला, ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये जातो तिथून येत असेल तर लवकर करून घ्या. कारण मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत ना डिपस्टिक ना दिवा, आणि ऑइल मुळातच दोनेक लिटर. कमी झालंय हे आवाज यायला लागल्यावर कळतं आणि तोपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं.

दोन गोष्टींत मात्र लेव्हल बघू, नंतर करू, हे काही चालत नाही. एक ब्रेक. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा टायरवर पातळ, फिकट पिवळं, पाण्यात मिसळणारं काही दिसलं, किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, तर गाडी जागेवरच ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा. नुसती ब्रेक ऑइलची लेव्हल हळूहळू उतरली असेल तर ते पॅड झिजल्यामुळे पण होतं, ते तपासून घ्या, घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत क्लचचं ऑइल पण त्याच बाटलीतून जातं हेही लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट इंधन. पेट्रोलचा वास येत असेल तर स्टार्टर पण मारायचा नाही. डिझेल लगेच पेटत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण कॉमन रेल, म्हणजे आजकालच्या डिझेल गाडीत इंधनाच्या पाइपांत हजार बारच्या वर प्रेशर असतं, इंजिन चालू असताना लीक शोधायला तिथे बोट लावलं तर डिझेल कातडीत घुसतं आणि केस हॉस्पिटलची होते. इंजिन बंद करूनच बघा.

मुंबईला जाण्याबद्दल. तुमचा लीक इंजिन ऑइलचाच असेल, तीन-चार दिवसांत डिपस्टिक हललेली नसेल, तर मी तरी जाईन. पण कसारा घाटाचा विचार करून गाडी बघा. जाताना घाट उतरणीचा, तिथे ब्रेक महत्त्वाचे, म्हणून चारही चाकांच्या आतली बाजू कोरडी आहे ना हे आधी बघून घ्या. येताना चढण, आईवडील, सामान, एसी, तिथे कूलंट महत्त्वाचं, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी थंड गाडीत कूलंटच्या टाकीची रेष बघा, आणि कमी असेल तर का कमी आहे ते शोधल्याशिवाय निघू नका. वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक भोकाजवळ कूलंटच्या वाळलेल्या रेघा दिसल्या तर पंपाचं सील जातंय, ते घाटात दगा देतं. इगतपुरीवरून समृद्धीने गेलात तरी सलग स्पीडला गाडी तेवढीच तापते. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं १ लिटर ऑइल डिकीत ठेवा, घोटीला चहाला थांबलात की एकदा खाली वाकून बघा, आणि टेम्परेचर वर गेलं तर कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नका, अर्धा-पाऊण तास थांबा. बोअरचं पाणी टाकून वेळ मारून नेलीत तर घरी आल्यावर ते काढून टाका, क्षार रेडिएटरमध्ये बसतात.

आधीच्या मेकॅनिकशी भांडू नका. त्याला फक्त सांगा की आधी इंजिन पुसून द्या, कव्हर काढा, मी शंभरेक किलोमीटर चालवून आणतो, मग आपण दोघं मिळून रॅम्पवर बघू, आणि ऑइल सुरू कुठून होतंय ते मला दाखवा. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही, त्यालाही विनाकारण गिअरबॉक्स उतरवायची हौस नसते.

चेअरमनसाहेबांसाठी वखारीतून पोतंभर लाकडाचा भुसा आणा, डागावर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या आणि भांड्याच्या पावडरीने घासा, नवीन फरशीवरचा डाग बराचसा जातो. तो भुसा ड्रेनेजमध्ये लोटू नका, पिशवीत भरून गॅरेजला द्या, तिथे जुन्या ऑइलसोबत जातो. लीक सापडेपर्यंत गाडीखाली खोका तसाच राहू द्या. खोक्याचा फोटो, डिपस्टिकचे फोटो आणि शेवटचं ऑइल कधी बदललं ते कळवा, म्हणजे टॅपेट कव्हर आधी बघायचं की ड्रेन बोल्ट ते सांगतो.